तक्तपोशीतलं भोक

मिस्त्रींच्या घरात अंघोळीचा क्रम ठरलेला होता. तो कुणी कागदावर लिहून ठेवला नव्हता, पण एकदाही चुकलेला नव्हता. आधी मिस्त्री, मग मिस्त्रींचा मुलगा, मग शाळेची घाई म्हणून नऊ वर्षांची नात चिंगी, मग मिस्त्रीणबाई. या चौघांचं उरकलं की हंड्याच्या तळाशी जे काही राहील ते सुनेचं. कधी तांब्याभर कोमट पाणी राहायचं, कधी तेवढंही नाही. मग ती नळाच्या गार पाण्यानं दोन तांबे अंगावर ओतून घ्यायची आणि ओल्या केसांनी पुन्हा चुलीपुढे जाऊन बसायची. सगळ्यांच्या आधी उठून जिनं पाणी तापवलं तिला त्यातलं किती मिळालं, हे विचारायचं अकरा वर्षांत कुणाला सुचलं नाही. माणसं दुष्ट नव्हती हो. नुसतं सुचलं नाही.

रोज सकाळी मिस्त्रीणबाई अंथरुणातच असायच्या आणि भिंतीपलीकडून सुनेचा खोकला ऐकायच्या. त्या खोकल्यावरून त्यांना वेळ कळायची. आधी कोरडा, तुटक खोकला आला की समजायचं, चूल नुकती पेटतेय. मग लांबलचक, पोटातून येणारी ढास लागली की समजायचं, लाकडांनी धूर धरलाय. ढास थांबली की पाणी कढत आलं आणि आता उठायला हरकत नाही. मिस्त्रीणबाईंचे स्वतःचे डोळे त्याच चुलीनं खाल्ले होते. सव्वीस वर्षं त्यांनी तिथे फुंकणी धरली होती. सून घरात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ती फुंकणी तिच्या हातात दिली आणि मनात म्हणाल्या, ‘सुटले बाई एकदाची.’ त्या क्षणाची त्यांना पुढे फार लाज वाटायची होती, पण तेव्हा मात्र हायसं वाटलं होतं.

सरपणाला त्या घरात तोटा नव्हता. घराला लागूनच मिस्त्रींचा लाकूडकामाचा कारखाना होता, आणि तिथून रोज टोपलीभर ढलप्या, फळ्यांचे तुकडे, प्लायवूडच्या पट्ट्या, पॉलिश लागलेल्या जुन्या दारांचे अवशेष घरात यायचे. “सुताराच्या घरात जाळायला विकत घ्यायचं? लोक हसतील मला,” असं मिस्त्री म्हणायचे, आणि सगळे मान डोलवायचे. प्लायमधला डिंक आणि दारांवरचं पॉलिश पेटलं की हिरवट, झोंबरा धूर निघायचा. तो कारखान्यात कुणाला दिसत नव्हता, कारण तो कारखान्यात निघतच नव्हता.

मिस्त्री वाईट माणूस होते असं मात्र कुणी म्हणू नये. कामाला चोख, बोलायला मिश्कील, नातीवर जीव टाकणारे. सुनेची कंबर दुखते हे कानावर आलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्यासाठी एक पाट केला होता, टेकायला पाठ असलेला, कडा घासून गुळगुळीत केलेला. गल्लीतल्या बायकांना त्याचं कोण कौतुक! सुनेला धुरात बसायला इतकी सुरेख जागा दुसऱ्या कुठल्या सासऱ्यानं करून दिली असेल?

खोकल्यातून रक्ताचा ठिपका पडला तेव्हा सुनेनं तो पदरानं पुसला. चिंगीनं ते पाहिलं आणि बापाला सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काय जाळता, कुठे जाळता, खिडकी कुठे आहे, सगळं विचारलं, आणि म्हणाल्या, “औषध देते. पण खरं औषध घरातच आहे. चूल बदला. धूर घराबाहेर जायलाच हवा.”

मिस्त्रींनी ते मनावर घेतलं. पत्र्याचं काम करणारा एक कारागीर बाजारात निर्धूर चुली करायचा. तोंड लहान, आतून भट्टीच्या विटा, लाकूड थोडं आणि धूर आतल्या आतच जळून जाणारा. वरून बाहेर जाणाऱ्या धुराड्याला वेढून पाण्याची टाकी. स्वयंपाक होता होता पाणी आपोआप तापतं, तोटी सोडली की बादली भरते. बापलेक निघाले तशी सून दारात येऊन हळूच म्हणाली, “बाबा, मीही येऊ का? मी बसून बघितलं असतं, हात कुठवर पोचतो, लाकूड कसं सरकवायचं...”

“दुकानात जाऊन फुंकून बघणार की काय?” मिस्त्री म्हणाले.

सगळे हसले. मिस्त्रीणबाईसुद्धा हसल्या. सूनही हसली, आणि हसता हसता तिला ढास लागली.

बापलेकांनी सगळ्यांत मोठ्या टाकीची चूल निवडली. मिस्त्रींनी शिवण कशी आहे ते बघितलं, तोटी पितळी आहे की नाही ते बघितलं, टाकीवर टिचकी मारून पत्रा किती जाड ते ऐकलं. लाकूड कुठून आत जातं हे काही त्यांनी वाकून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रेवाला चूल आणि धुराड्याचे चार नळ घेऊन हजर झाला. स्वयंपाकघरात उभा राहून त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, “धुराडं सरळ वर जाईल. वर काय आहे?”

वर नमुन्याची खोली होती. गिऱ्हाइकांना तिथेच नेत. तिथे मिस्त्रींनी केलेली कपाटं, खुर्च्या, नक्षीचे पलंग मांडलेले असत, आणि डोक्यावर होती ती सागवानी तक्तपोशी, फळ्या जोडून केलेलं लाकडी छत. तीन वर्षं रात्रंदिवस खपून त्यांनी ती एकट्यानं बसवली होती. चौकटीत चौकट, एक खिळा दिसेल तर शपथ. लांबलांबून माणसं ती बघायला यायची.

“वरच्या जमिनीतून नळ काढू, कपाटाच्या मागे. दिसणारही नाही,” पत्रेवाला म्हणाला. “वर छताला मात्र एवढं भोक लागेल.” त्यानं दोन्ही हातांनी ताटाएवढा गोल दाखवला.

“तक्तपोशीला भोक?” मिस्त्री एवढंच म्हणाले.

“भोवती पत्र्याची जाड बांगडी बसवतो. लाकडाला आच लागणार नाही.”

“माझ्या तक्तपोशीला?”

“मिस्त्री, बाजूची भिंत शेजाऱ्यांची, पलीकडे तुमचा कारखाना, तिथे भुसा, आणि खिडकीतून आडवा नेला तर नळ धूर ओढणार नाही. दुसरी वाट नाही. आणि धुराडं नसेल तर ही चूल नाही, हे आधीच सांगतो. धूर खोलीतच राहील. आणखी एक, सुकं, साधं लाकूड घाला. प्लाय आणि पॉलिशवालं अजिबात नको.”

“लाकूड तू मला शिकवतोस?” मिस्त्री हसून म्हणाले, पण त्या हसण्यात धार होती. “तू पत्रा बघ. नळ राहू देत कोपऱ्यात. तूर्त आखूड तुकडा लाव, खिडकीच्या दिशेनं. पुढचं पुढे बघू.”

पत्रेवाल्यानं नाखुशीनं हातभर नळ लावला आणि जाताना सुनेला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, खिडकी उघडी ठेवा. आणि आत हवा घेणारी ही खालची झडप बंद करू नका. झडप लोटली की धूर कमी दिसतो, पण आतल्या आत धुमसतं. ते वाईट.”

धुराड्याचे तीन नळ दारामागे उभे राहिले. ‘तूर्त’ म्हणता म्हणता चार महिने झाले. चुलीची वाहवा मात्र पहिल्याच दिवसापासून सुरू झाली. मिस्त्री पाहुण्यांना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणायचे, तोटी सोडायचे आणि वाफाळतं पाणी दाखवायचे. “हात लावून बघा, हात!” आता पाणी भरपूर म्हणून मिस्त्री दोन वेळा अंघोळ करू लागले, मुलगा कामावरून आला की पाय शेकू लागला. टाकी रिकामी होऊन चालत नाही म्हणून सून दिवसभर ती भरू लागली, आणि भरली की तापवू लागली. आणि खिडकी? ती नमुन्याच्या खोलीच्या खिडकीच्या बरोबर खाली होती. धूर वर जायचा. म्हणून गिऱ्हाईक आलं की “खिडकी लाव गं!” अशी हाक यायची. दारही ओढून घ्यावं लागायचं, कारण जिना समोरच होता.

एका दुपारी भांडी घासता घासता सून म्हणाली, “आई, तुम्ही एकदा बाबांशी बोला ना. ते नळ नुसते उभे आहेत. तुमचं ऐकतील ते.”

मिस्त्रीणबाई मेथी निवडल्यासारख्या पदराचे धागे निवडत बसल्या. “आम्ही नाही का काढले दिवस? होतं सवयीनं.”

“मला जिना चढवत नाही हो आता. चिंगीला जवळ घेतलं तरी दम लागतो.”

सून कधी स्वतःसाठी काही मागत नसे. आज मागितलं होतं, तेही किती? दारामागे उभे असलेले नळ जिथे लागायचे तिथे लागावेत, एवढंच. “बरं, बोलते,” त्या म्हणाल्या, आणि खरंच बोलायचं ठरवलं.

रात्री मिस्त्री जेवायला बसले. हात पाय धुतलेले, दिवस चांगला गेलेला, मूडही बरा. मिस्त्रीणबाई वाढत होत्या. मनातल्या मनात त्यांनी वाक्य तीनदा म्हणून बघितलं. ‘अहो, ते धुराडं लावून टाका आता.’ सहा शब्द. त्यांनी तोंड उघडलं.

“अहो...”

मिस्त्रींनी मान वर केली. नुसती वर केली, डोळे वटारले नाहीत, काही नाही. इतकी वर्षं ती मान अशी वर झाली की बाईंचं वाक्य तिथेच अडायचं. त्यामागे एकदाही हात उगारलेला नव्हता. लहानपणी त्यांची आई त्यांच्या वडिलांपुढे अशीच अडखळायची, तेच त्या शिकल्या होत्या.

“काय?”

“मीठ हवंय का?”

“नको. ठीक आहे,” मिस्त्री म्हणाले आणि जेवू लागले.

चुलीपाशी बसलेल्या सुनेनं हे ऐकलं. तिनं सासूकडे पाहिलं, रागानं नाही, उलट समजून घेतल्यासारखं. ते पाहणं मिस्त्रीणबाईंना रागापेक्षा जड गेलं. उद्या बोलू, असं त्यांनी ठरवलं. मग परवा.

आठवड्याभरानं एक मोठं गिऱ्हाईक आलं. नव्या इमारतीतल्या सगळ्या घरांची दारं-कपाटं द्यायची होती. सात-आठ माणसं, बूट वाजवत जिना चढून गेली. मिस्त्रींनी सकाळीच बजावलं होतं, “आज धुराचा वासही वर येता कामा नये. आणि पाहुण्यांना हात धुवायला गरम पाणी, मग चहा.” सुनेनं टाकी काठोकाठ भरली. खिडकी लावली, खाली कडी घातली. दार ओढून घेतलं, आणि फटीत ओलं फडकं खोचलं. प्लायच्या पट्ट्यांनी धूर धरला तेव्हा, वर जायला नको म्हणून, तिनं ती खालची झडपही लोटली. पत्रेवाल्याचं बोलणं तिला आठवलं नसेल असं नाही. पण वरून आलेल्या हुकमापुढे खालचा शहाणपणा त्या घरात कधी टिकला होता?

मिस्त्रीणबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या, तबक वर न्यायला. वरून मिस्त्रींचा आवाज येत होता. “खिळा शोधून दाखवा, साहेब!” आणि हसणं. बराच वेळ गेला. चहा काही येईना. त्यांनी स्वयंपाकघराकडे कान दिला.

खोकला येत नव्हता.

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या दाराआड इतकी शांतता होती. मिस्त्रीणबाईंना बरं वाटलं. त्यांना वाटलं, आज चूल नीट जळतेय. आज पोरीला ढास नाही. औषध लागू पडलं वाटतं. देव करो आणि धुराड्याविनाच भागो, म्हणजे आपल्याला बोलायलाही नको. खरंच, असं वाटलं त्यांना. आणि त्या पायरीवर तशाच, गुडघे चोळत, बसून राहिल्या.

किती वेळ बसल्या ते त्यांना नंतर कुणालाच सांगता आलं नाही. वरून “चहा!” अशी हाक आली तेव्हा त्या उठल्या. ओल्या फडक्यामुळे दार घट्ट बसलं होतं. खांदा लावून ढकललं. आत धूर फारसा नव्हताच. सून त्या सुरेख पाटावर बसली होती, पाठीला टेकून, मान एका बाजूला कलती, ओठ चेरीच्या रंगाचे लाल. मांडीवर चिंगीचा शाळेचा सदरा, बटण लावायला घेतलेला. सुईत दोरा ओवलेला होता.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी खिडकी उघडली, नाडी बघितली आणि तिथेच जमिनीवर बसल्या. “धूर दिसतो तरी,” त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. “हा विषारी वायू दिसतही नाही.”

वरची माणसं बूट न वाजवता खाली उतरली आणि निघून गेली.

शेजारच्या बायका जमल्या. त्यातली एक वयस्कर बाई दबक्या आवाजात म्हणाली, “हिला न्हाऊ घालायला पाणी तापवायला हवं.”

“तापलंय,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतः तोटी सोडली. वाफाळतं पाणी बादलीत पडू लागलं. एक बादली भरली, दुसरी भरली, तरी टाकी संपेना. त्यांनी सुनेचे केस सोडले. त्यात राख होती, रोजची होती आणि आजचीही. एकेक तांब्या त्या हळू ओतत होत्या, आधी मनगटावर पाणी बघून, चटका बसेल या धास्तीनं. शेजारणीनं त्यांचा हात धरला, “अहो, आता तिला कुठे...” मिस्त्रीणबाईंनी हात सोडवून घेतला आणि पुन्हा मनगटावर पाणी बघितलं. अकरा वर्षांत त्या घरात सुनेला पोटभर गरम पाण्याची अंघोळ आज पहिल्यांदा मिळाली. त्यानंतर त्या दिवशी बाकी कुणी अंघोळीला पाणी मागितलं नाही.

दिवस गेले, माणसं पांगली. मुलगा कारखान्यात जायचा, रंधा हातात घेऊन उभा राहायचा. एका सकाळी मिस्त्रीणबाई उठून आल्या तर चिंगी चुलीपुढे त्या पाटावर बसलेली, हातात फुंकणी, गाल फुगवलेले. मिस्त्री दारात उभे होते. म्हातारे दिसत होते. तेही हबकलेलेच होते, खोटं कशाला बोला? पण सवय माणसापेक्षा जुनी असते. “बसू दे,” ते थकलेल्या आवाजात म्हणाले. “थोडं थोडं शिकेल. कुणीतरी करायलाच हवं ना.”

आणि चिंगीला खोकला आला. कोरडा, तुटक.

मिस्त्रीणबाईंनी नातीच्या हातातून फुंकणी घेतली. दोन्ही हातांनी गुडघ्यावर वाकवायला बघितली, वाकेना, तेव्हा चुलीत खुपसली, तोंडाकडून. मग कारखान्यात गेल्या. मिस्त्रींची हातोडी घेतली, त्यांची रुंद पटाशी घेतली, जिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे, आणि जिना चढू लागल्या.

मुलगा मागोमाग आला. आई कपाटाला धरून तक्तपोशीकडे बघत होती, हात पोचत नव्हता. तो मग खाली जाऊन उभं राहून काम करायची लाकडी घोडी घेऊन आला, त्या कपाटाशेजारी ठेवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. एवढं एक काम त्यानं चार महिने आधी केलं असतं तर, हे त्यालाही कळत होतं. तो रडत होता.

पहिला घाव पडला तेव्हा मिस्त्री खालून ओरडत आले. “अगं, वेड लागलं का? काय करतेस? थांब!”

त्यांनी मान वर केली. घोडीवर उभ्या असलेल्या बायकोकडे बघायला आज त्यांना मान खरंच खूप वर करावी लागली.

“अहो,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या, आणि या वेळी थांबल्या नाहीत. “मला त्या दिवशी मीठ विचारायचं नव्हतं. धुराडं लावा, म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, आणि पोर गेली. तुम्ही तक्तपोशी वाचवलीत, मी तोंड वाचवलं. दोघांनी मिळून मारलं तिला.”

सागवानाची कपची उडून खाली पडली. मिस्त्री खुर्चीवर बसले. तीन वर्षांचं काम पुढ्यात फुटत होतं आणि ते बघत होते. मग म्हणाले, “उतर खाली. पडशील. मी... मी गोल कापून देतो. नीट.”

“नको,” बाई म्हणाल्या. “वेडंवाकडंच राहू दे. येणाऱ्यानं विचारलं पाहिजे, एवढ्या सुंदर छताला हे काय झालंय.”

पत्रेवाल्यानं दुसऱ्याच दिवशी उरलेले तीन नळ जोडले, भोवती बांगडी बसवली, टाकी धुतली. प्लायच्या पट्ट्या घरात यायच्या बंद झाल्या. तो पाट चिंगीनं फुंकणीच्या पाठोपाठ चुलीत घालायला आणला होता. पण त्याला पॉलिश होतं, म्हणून तो अंगणात राहिला, आणि त्यावर कुणी बसत नाही.

नमुन्याची खोली अजून आहे. गिऱ्हाईक येतं, वर बघतं आणि विचारतं. मिस्त्री जिन्याकडे बघतात. मिस्त्रीणबाई वर येतात आणि सगळं सांगतात, मिठासकट. काही माणसं घाईनं खुर्च्यांकडे वळतात. काही खाली येऊन चूल बघतात. पत्रेवाल्यानं तर आता ठरवूनच टाकलंय, चुलीशी बसणारी बाई बरोबर आली नाही तर तो चूल दाखवतच नाही.

परवा एक जोडपं कपाट बघायला आलं होतं. बाईंनी सांगितलं. नवरा भला माणूस वाटला. डोळे पुसत बायकोकडे वळून म्हणाला, “आपल्याकडे तसं काही नाही ना गं? धुराचा त्रास वगैरे?”

बायकोनं तोंड उघडलं. नवऱ्याकडे बघितलं. मग तक्तपोशीकडे बघत, चटकन म्हणाली, “छे हो. ठीक आहे आपलं सगळं.” आणि पदर तोंडाशी नेऊन हळूच खोकली.

तो खोकला मिस्त्रीणबाईंच्या ओळखीचा होता. कोरडा, तुटक. त्यांनी पुढे होऊन त्या परक्या बाईचा हात आपल्या हातात घेतला. बोटांच्या पेरांत राख होती.

“बोल, बाई,” त्या म्हणाल्या. “मी इथेच उभी आहे. तू बोलल्याशिवाय मी जिना उतरत नाही.”